ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

आजचा विषय बचतीचा नाही, कर्जाचाही नाही. आज आपण दवाखान्याच्या कागदांबद्दल बोलणार आहोत. आपल्या प्रत्येकीच्या घरात खुंटीला एक पिशवी टांगलेली असते, कुठल्या तरी कापड दुकानाची. तिच्यात घरातल्या सगळ्यांचं आजारपण कोंबलेलं असतं. पहिल्या बाळंतपणाची सोनोग्राफी, सासूबाईंच्या बीपीची चिठ्ठी, पोराचं लसीचं कार्ड, मेडिकलची बिलं. ईसीजीचा कागद काढून बघावा तर जवळजवळ कोरा. तो कागदच उष्णतेनं उमटणारा असतो, दिवस गेले की त्यावरची रेघ पुसट होत जाते. उरलेले कागद उंदरांचे आणि पावसाळ्याचे. मग डॉक्टर विचारतात, "कोणती गोळी चालू आहे?" आणि आपण सांगतो, "पांढरी, बारीक, सकाळची."

हसू येतं खरं, पण हे हसण्यावारी न्यायचं नाही. एखादी गरोदर बाई आधी उपकेंद्रात दाखवते, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जालन्याला गांधी चमनच्या स्त्री रुग्णालयात, आणि फारच अवघड झालं तर रात्री गाडी करून संभाजीनगरला घाटीत. दर ठिकाणी नवा केस पेपर, आणि पुष्कळदा तीच रक्ताची तपासणी पुन्हा. शेवटच्या ठिकाणी जो डॉक्टर तिला बघतो, त्याला पहिल्या ठिकाणचं काही माहीत नसतं. सोबत आलेली नणंद किंवा दीर जे सांगेल तेवढंच.

आता एकच गोष्ट घ्या, रक्तगट. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी नावाचं इंजेक्शन द्यावं लागतं. राहून गेलं तर पुढच्या बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो. ही गोष्ट कागदावर एका ओळीची आहे. पण ती ओळ योग्य माणसासमोर योग्य वेळी असायला पाहिजे. तसंच मागच्या खेपेला बाळंतपणात झटके आले होते का, पेनिसिलीनची रिॲक्शन आली होती का, सिझर झालं होतं का. अशा ओळींवर जीव वाचतो.

आपल्याकडच्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातल्या बायांना हे जास्त लागू आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन जोडी निघते, सातारा, सांगली, कोल्हापूर, नाही तर कर्नाटक. पाच-सहा महिने कोपीत. पोटात पाचव्या महिन्याचं मूल घेऊन गेलेली बाई परत येते ती कडेवर लेकरू घेऊन. मधल्या काळात तिला कोणी तपासलं, काय दिलं, याचा इकडच्या आशाताईला पत्ता नसतो, आणि आधीचा इकडचा पत्ता तिकडच्या डॉक्टरला नसतो. गरोदरपणी मिळणारं माता आणि बाल संरक्षण कार्ड ही खरं तर फार शहाणी वस्तू आहे. ते आपल्या हातात राहतं, आपण जाऊ तिथं येतं. पण किती जणी ते कारखान्यावर नेतात? मैत्रिणींनो, भांड्यांच्या गाठोड्यात ते कार्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नक्की न्या. संगणकाचं पुढं सांगतेच आहोत, पण हे आधी.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय गाजला होता, आठवत असेल. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. आपल्या गावातल्या ज्या बायांचं असं ऑपरेशन झालंय, त्यांना एकदा हळूच विचारून बघा, का काढली ते लिहिलेला कागद तुमच्याकडे आहे का? "डॉक्टर म्हणाले कॅन्सर होईल", एवढंच बहुतेक जणी सांगतात. कागद नसला की दुसऱ्या डॉक्टरला विचारता येत नाही आणि पहिल्या डॉक्टरला जाब विचारता येत नाही.

म्हणून आरोग्याची माहिती संगणकावर असावी, एका डॉक्टरची नोंद दुसऱ्याला दिसावी, ही कल्पना आम्हाला पटते. केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केलं. त्यात प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. गावात त्याची शिबिरं झाली, तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी काढलाही असेल. इथं एक घोटाळा आधी दूर करू. आभा कार्ड वेगळं आणि आयुष्मान कार्ड वेगळं. आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आभावर एक रुपयाही मिळत नाही. ती फक्त तुमच्या आजारपणाच्या कागदांना जोडणारी ओळख आहे. दोन्ही नावं सारखी वाटतात, त्यामुळे "पाच लाखांचं कार्ड काढून देतो" असं सांगून कोणी आभाच काढून गेलं तरी कळत नाही. आणि आभा काढणं ऐच्छिक आहे, फुकट आहे.

मग आपले रिपोर्ट दिल्लीला जातात का? नाही. ज्या दवाखान्याने किंवा लॅबने रिपोर्ट तयार केला, त्याच्याकडेच तो राहतो. आभा क्रमांकाने फक्त तो कुठं आहे ते सापडतं. दुसऱ्या डॉक्टरला बघायचा असेल तर त्याने आपल्याकडे मागणी करायची. ती मागणी मोबाइलवरच्या आभा ॲपमध्ये येते. कोण मागतंय, कशासाठी मागतंय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे कागद मागतंय, किती दिवस बघणार, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आपण हो म्हणू शकतो, नाही म्हणू शकतो. फक्त तपासणीचे रिपोर्ट दाखवायचे आणि बाकीचे नाही, असंही करता येतं. आज दिलेली संमती उद्या मागे घेता येते. सरकारी दवाखान्यात क्यूआर कोड स्कॅन करून केस पेपर काढतात ना, त्यात आपलं नाव, वय, पत्ता अशी माहिती जाते, आजारपणाची फाईल उघडत नाही. अर्थात दवाखानाच या व्यवस्थेला जोडलेला नसेल, डॉक्टर अजून चिठ्ठीवरच लिहीत असेल, तर आभामध्ये काहीच दिसणार नाही. आपल्याकडचे पुष्कळ छोटे दवाखाने अजून कागदावरच चालतात. म्हणून खुंटीवरची पिशवी इतक्यात फेकून देऊ नका.

योजना ज्याने आखली त्याने विचार चांगला केलाय. आम्ही अडतो ते वेगळ्याच ठिकाणी. संमती मोबाइलवर मागितली जाते. मोबाइल कोणाचा?

आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही हात वर करायला सांगितले. तुमच्या आधारला जोडलेला नंबर तुमच्या स्वतःच्या हातातल्या फोनचा आहे, अशा किती? मोजके हात वर आले. बाकीच्यांचा नंबर नवऱ्याचा, नाही तर मुलाचा, नाही तर पुण्याला कामाला असलेल्या दिराचा. एकीचा नंबर तर आधार काढताना सेंटरवाल्या पोराने स्वतःचाच टाकलेला निघाला. एका मोबाइलवर घरातल्या अनेकांचे आभा जोडता येतात, तशी सोयच आहे. सोय म्हणून ठीक. पण मग आपल्या गर्भपिशवीचा रिपोर्ट कोणाला दाखवायचा याची परवानगी तो फोन ज्याच्या खिशात आहे तो देणार. आणि परवानगी देताना तो रिपोर्ट आधी तोच वाचणार. ओटीपी ज्याच्या मोबाइलवर, संमती त्याची. आपण फक्त आकडे विचारायला त्याच्यामागे फिरायचं.

यावर बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "नवऱ्यापासून काय लपवायचं गं? त्याला कळलंच पाहिजे." त्यांचं म्हणणं आम्ही टाळलं नाही. नवरा-बायकोत विश्वास असेल तर बाई स्वतःच सांगेल. पण स्वतःच्या तोंडानं, आपल्याला जमेल तेव्हा, जमेल त्या शब्दांत सांगणं वेगळं, आणि भर ओट्यावर चार माणसांत त्याच्या मोबाइलवर मेसेज वाजणं वेगळं. शिवाय सगळ्या घरांत सारखं नसतं. लग्नाआधी टीबीची औषधं घेतलेली पोरगी, दोनदा गर्भ पडलेली सून, डोक्याच्या डॉक्टरकडे झोपेची गोळी घेणारी जाऊ. या गोष्टी बाहेर फुटल्यावर काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माहेरी पाठवून दिलेल्या आपण पाहिल्यात.

आणि याचा डॉक्टरी परिणामही आहे. फुटेल अशी भीती असली की बाई डॉक्टरलाच खोटं सांगते. "हे पहिलंच" म्हणते, असतं तिसरं. मग संगणकात जे जातं तेही खोटंच जातं, आणि त्या खोट्या ओळीवर घाटीतला डॉक्टर रात्री दोन वाजता निर्णय घेतो. गुपित राखलं तरच खरी माहिती गोळा होते, हे डॉक्टर लोकांनाही समजावं असं आम्हाला वाटतं. काहींना समजतंही. आमच्याकडच्या एका उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताई ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी बोलणं लावून देतात, तेव्हा आधी दार लोटून घेतात आणि सोबत आलेल्यांना बाहेर बसवतात. एवढ्या एका गोष्टीने बाया त्यांच्याकडे मोकळं बोलतात.

कायदा आपल्या बाजूने किती आहे ते थोडं बघू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला की खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. त्याच वर्षी एचआयव्हीचा वेगळा कायदा झाला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात असं आहे की एचआयव्ही असलेल्या व्यक्तीची माहिती तिच्या समजून दिलेल्या संमतीशिवाय उघड करायची नाही, आणि ती संमती लेखी नोंदवायची. पण तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर उपचारासाठी गरज असेल तर दुसऱ्या उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगू शकतो. बघा, आज आपण ज्या प्रश्नावर बोलतोय त्याचं उत्तर या एका कलमात आहे. उपचार करणाऱ्याला उपचारापुरतं सांगता येतं. शिपायाला, शेजाऱ्याला, मालकाला नाही. न्यायालयाने आदेश दिला तर गोष्ट वेगळी. जोडीदाराला सांगण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे, पण सांगितल्याने बाईला मारहाण होईल किंवा तिला टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरने सांगायचं नाही, असंही त्यात लिहिलेलं आहे.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. कायद्याने ज्याला अधिकार दिलाय त्याच्याशिवाय कोणालाही डॉक्टरने बाईचं नाव सांगायचं नाही, सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि अठरा वर्षांवरच्या बाईला कायदेशीर गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. हे आपण पुन्हा पुन्हा सांगतो, तरी दवाखान्यात "मालकाला घेऊन या" असं ऐकावं लागतं. अठराच्या आतल्या मुलीचं असेल तर डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर कळवताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. बालविवाह आपल्या भागातून गेलेला नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. नाव फुटेल या भीतीने पोरीला भलत्या माणसाकडे नेऊ नका.

टीबीचं वेगळं आहे. टीबीच्या रुग्णाची नोंद सरकारकडे करणं डॉक्टरला, खासगी डॉक्टरलासुद्धा, बंधनकारक आहे. त्याशिवाय औषध आणि पोषणाचे पैसे मिळणार कसे? पण सरकारला कळवणं म्हणजे गल्लीला कळवणं नव्हे.

संगणकातून माहिती फुटत नाही का? फुटते. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या एका लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर कोणालाही उघडता येत होते, त्यात एचआयव्हीचेही होते. २०२०च्या सुरुवातीला ग्रीनबोन या जर्मन कंपनीने जगभर पाहणी केली, तेव्हा भारतातल्या रुग्णांचे एक्स-रे आणि स्कॅन कुलूप न लावलेल्या यंत्रांवर सापडले, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, आणि एवढ्या मोठ्या दवाखान्यात कित्येक दिवस हाताने कागद लिहावे लागले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तेव्हा दवाखान्याला आणि लॅबला विचारायला लाजू नका, "आमचे रिपोर्ट कुठं ठेवता? कोण बघतं?"

याची दुसरी बाजूही आहे. गुप्ततेच्या नावाखाली आपल्यालाच कागद नाकारतात. "फाईल बाहेर देता येत नाही", असं सांगतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच रघुनाथ रहेजा यांच्या खटल्यात सांगितलं आहे की रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना केस पेपर देताना दवाखान्याला गुप्ततेची सबब सांगता येणार नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे, दाखल झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायचे आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी दवाखान्यांनी रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावायची आहे. कारखान्याच्या गावाला ऑपरेशन झालं असेल तर निघण्याआधी अर्ज द्या, दोन ओळींचा, आणि त्याच्या झेरॉक्सवर पोच घ्या. तोंडी मागू नका. तोंडी मागितलेलं कोणाला आठवत नाही.

आता आपल्या गटांचं. ग्रामसंघात आम्ही तीन-चार गोष्टी ठरवल्या आहेत. आजारपणासाठी कर्ज मागितलं तर इतिवृत्तात "दवाखाना" एवढाच शब्द लिहायचा. कोणता आजार, कोणाचं ऑपरेशन, ते नाही. इतिवृत्ताची वही बँकेत जाते, तपासणीला जाते, सचिवाच्या घरी तिची पोरं उघडतात. पुरावा लागला तर अध्यक्ष आणि सचिव यांनी कागद बघायचा आणि परत द्यायचा. गटाच्या व्हॉट्सॲपवर कोणाच्या रिपोर्टचा फोटो टाकायचा नाही, मदतीसाठीसुद्धा नाही. फोटो एकदा गेला की तो कुठवर जाईल ते टाकणारीच्या हातात राहत नाही. मदत मागायची असेल तर फोन करा, घरी या.

गावात आभाचं शिबिर असेल तेव्हा आमच्यातल्या दोघी तिथं बसतात. भरणाऱ्या पोराला मोठ्याने वाचायला लावतात, कोणता नंबर टाकलास? आधारच्या ओटीपीसाठी नवऱ्याचा नंबर लागला, तरी पुढे संपर्कासाठी बाईचा स्वतःचा नंबर देता येतो. अनेकींना हे माहीतच नसतं आणि भरणारा विचारत नाही. आधारलाच स्वतःचा नंबर जोडायचा असेल तर आधार केंद्रावर जाऊन जोडता येतो, थोडं शुल्क पडतं. एका गटाने तर ठरवलं, एका बाजाराच्या दिवशी दहाही जणी मिळून जाऊ. फोनला साधा का होईना, आकडी लॉक लावा, आणि तो आकडा लेकराला सांगू नका. लेकरं फार गोड असतात आणि सगळं सांगतात.

फोनच नाही, तिचं काय? तिच्यासाठी कागदाची पिशवी आणि तिचं तोंड. आम्ही एक साधा उपाय केला आहे. एका जाड पुठ्ठ्यावर रक्तगट, चालू औषधांची नावं, कोणत्या औषधाची रिॲक्शन येते, आधीची ऑपरेशनं, एवढं आशाताईंकडून लिहून घ्यायचं. जे डॉक्टरला तातडीने कळायला हवं तेवढंच. जे सगळ्या गावाला कळायला नको ते त्यावर लिहायचं नाही, ते बाईने डॉक्टरला दार लोटून सांगायचं. हा पुठ्ठा ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी दसऱ्याच्या आधी तयार करून घ्यावा.

आभाबद्दल काही अडलं तर १४४७७ हा मदतीचा क्रमांक आहे. आपण काढलेला आभा नको वाटला तर बंदही करता येतो. दिलेल्या संमत्या ॲपमध्ये दिसतात, त्या महिन्यातून एकदा उघडून बघा. वाचता येत नसेल तर गटातल्या ज्या मुलीवर विश्वास आहे तिच्याकडून वाचून घ्या, कॅफेवाल्याकडून नको.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्या ताईंनी निरोप पाठवला होता, "नवऱ्याला न सांगता माझा आभा माझ्या नंबरवर करता येईल का?" हो, ताई. तुम्ही अठरा वर्षांच्या पुढच्या आहात, तुमची संमती पुरेशी आहे. आधारला तुमचा नंबर जोडलेला असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. नसेल तर येत्या बुधवारी आम्ही काही जणी अंबडला आधार केंद्रावर जाणार आहोत. मूळ आधार कार्ड आणि तुमचा स्वतःचा फोन घेऊन सकाळी दहाच्या आत बस स्टँडवर या.